चुकीच्या रस्त्यांची तयारी

बारामतीच्या दातांच्या डॉक्टर उषा रणपिसे यांना नाही म्हणणं कुणालाच जमायचं नाही, कारण त्या विचारायच्याच अशा वेळी की माणसाचं तोंड उघडं आणि जीभ बधिर. मलाही त्यांनी असंच गाठलं. दाढेचं काम चालू होतं, तोंडात त्यांची दोन बोटं, एक छोटा आरसा आणि थुंकी ओढणारी नळी, आणि बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काळे, तुमच्या सईला सायकल येते ना? मग रविवारी सकाळी या तिला घेऊन. बायकोलाही आणा. कालव्याच्या कडेनं जरा फिरून येऊ." मी "अं... अं..." केलं. तो स्वच्छ नकार होता. "छान," त्या म्हणाल्या, "चूळ भरा."

मी घाबरट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बँकेत नोकरी करतो. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघून झालं, की पहिल्या बाजूला पुन्हा एकदा बघून घेतो. सई तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिची सायकल आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर कधी गेलेली नव्हती. घरी येऊन मी हा प्रकार प्राचीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितला. वाटलं होतं ती मला वाचवेल. ती म्हणाली, "जाऊ या की. दाताच्या डॉक्टर आहेत म्हणजे मुलांना चॉकलेटं तरी वाटणार नाहीत." अशा रीतीनं आम्ही त्या टोळक्यात सामील झालो, आणि पुढची काही वर्षं मला बाईंकडून धक्क्यांवर धक्के बसत गेले. आता त्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यात. आमचे रविवार पुन्हा पूर्वीसारखे निवांत झाले आहेत आणि मला ते अजिबात आवडत नाहीत.

उषाताई साठीला टेकलेल्या, बुटक्या, अंगानं ठसठशीत. पंजाबी ड्रेसखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटखालून बाहेर डोकावणारा अंबाडा. हेल्मेट बसावं म्हणून त्यांनी अंबाडा मानेवर उतरवला होता, पण सोडला नव्हता. सायकल जुनी, काळी, पुढं टोपली असलेली. टोपलीत पंक्चरचं सामान, भाजलेले शेंगदाणे आणि मलमपट्टी. पाच-सहा कुटुंबं असायची, सगळी त्यांच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून भरती झालेली.

या सहली त्या ज्या पद्धतीनं आखायच्या ते पाहून मी पहिल्यांदा चक्रावलो. मला वाटलं होतं, मुलांना कुठं थांबवायचं, काय खायला घालायचं, असं काहीतरी त्या ठरवत असतील. छे! "मुलांचं नियोजन करावं लागत नाही हो," त्या म्हणायच्या, "मुलं कुठंही जातात. नियोजन करायचं ते आईबापांचं." आणि खरंच, आदल्या दिवशी फोन यायचा तो आम्हाला. कोणी कुणाशेजारी सायकल चालवायची, कोणी कुणाशी काय गप्पा मारायच्या, सगळं ठरलेलं. ज्या आईला सारखं "सावकाश रे!" म्हणायची सवय, तिच्याशेजारी एक अखंड बोलणारे वकील दिले होते. "सावकाश म्हटलं की पोरगं मागं वळून बघतं," उषाताईंचं म्हणणं, "आणि मागं वळून बघितलं की पडतं." मला त्यांनी कायमचं शेवटचं स्थान दिलं होतं. "काळे, तुम्ही मागं राहा. तुमचा चेहरा मुलांना दिसता कामा नये."

सगळ्यांना त्यांची एक इच्छा ठाऊक होती, कारण त्या ती लपवत नसत. पुण्यात त्यांचा मुलगा अनिरुद्ध आणि नातू कबीर. कबीरला एकदा तरी या कालव्याच्या रस्त्यावर, सगळ्यात पुढं, सायकल चालवताना बघायचं होतं त्यांना. दवाखान्यात औषधांच्या कपाटामागं त्याच्यासाठी आणलेली सायकल उभी असायची. पोरगं वाढलं की ती लहान पडायची, मग ती कुणातरी पेशंटच्या मुलाला देऊन टाकायच्या आणि मोठी आणून ठेवायच्या. "या दिवाळीला येणार आहे कबीर." दिवाळी जायची. "मे महिन्यात नक्की." मे जायचा. अनिरुद्ध यायचा, आईला भेटायचा, मुलालाही आणायचा, पण रविवारच्या आत परत न्यायचा. असं का, हे आम्हाला कळत नव्हतं आणि उषाताईंना विचारायची कुणाची छाती नव्हती.

आमची पहिली सहल वडगाव निंबाळकरजवळची. सायकली टेम्पोत टाकून तिथंवर नेल्या आणि कालव्याच्या भरावावर उतरवल्या. नियम एकच: सगळ्यात लहान मूल पुढं, बाकीची मुलं त्याच्या मागं, आणि मोठी माणसं एवढी मागं, की आवाज ऐकू यावा पण तोंडं दिसू नयेत. रस्ता जिथं फुटेल तिथं पुढचं मूल ठरवेल ती वाट. मोठ्यांनी बोलायचं नाही. त्या दिवशी सगळ्यात लहान सई होती.

पहिल्याच फाट्याला सईनं चुकीची वाट धरली. माझ्या फोनवर नकाशा उघडा होता, मला दिसत होतं. डावीकडं कालवा, उजवीकडं नुसता ऊस, दोन पुरुष उंच, आणि माझी मुलगी घंटी वाजवत उजवीकडं वळली. मागची सगळी पोरं तिच्यामागं. मी तोंड उघडलं.

"काळे, तोंड मिटा," उषाताई म्हणाल्या. मग स्वतःशीच हसल्या. "आयुष्यात पहिल्यांदा कुणाला असं सांगतेय मी."

मुलं उसात दिसेनाशी झाली. मी नकाशा बोटांनी मोठा करून करून पाहिला. प्राचीकडं बघितलं तर तिचाही रंग उडालेला, आणि ही बाई झाडाखाली सायकल लावून शेंगदाणे सोलत बसलेली! माणसाला इतकं बिनघोर राहता येतं, याचाच मला धक्का बसला. थोड्या वेळानं घंट्या ऐकू आल्या. मुलं परत आली. ती वाट कुणाच्या तरी गोठ्यात संपत होती, तिथल्या माणसानं त्यांना पाणी पाजलं होतं, वासरू दाखवलं होतं. सईची बाही वासरानं चाटून ओली केली होती. "बाबा," ती ओरडली, "आम्ही हरवलो होतो!" शाळेत पहिला नंबर आल्यावरसुद्धा तिचा चेहरा असा झाला नव्हता.

"नशीब, तो माणूस तिथं होता," मी म्हणालो.

"नशीब तर हवंच," उषाताई म्हणाल्या आणि शेंगदाण्याची फोलपटं फुंकून टाकली.

हे नशीब काय चीज आहे ते मला पुढं काही महिन्यांनी कळलं. एका शनिवारी बँकेच्या कामानं मी कळंबला गेलो होतो. परत येताना एका वस्तीच्या तोंडाशी ओळखीची स्कूटी दिसली. उषाताई नवनाथ आबा नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलत उभ्या होत्या. मी गाडी थांबवली आणि हाक मारणार, तेवढ्यात कानावर आलं ते असं:

"जय भीम, आबा. उद्या सकाळी काही लेकरं चुकून तुमच्या वस्तीवर येतील."

"चुकून?"

"हो. चुकून."

आबांनी टोपी मागं सारली. "आन् चुकून येनार ते तुमाला आजच कसं कळलं?"

"मी नाही चुकवणार, त्यांची ती चुकतील. पुढच्या फाट्याला दोन वाटा आहेत. बरोबर वाटेनं गेली तर जातील अंथुर्ण्याकडं. नाही गेली तर येतील तुमच्याकडं. पाणी द्यायचं. रस्ता आपणहून सांगायचा नाही, त्यांनी विचारल्यावरच सांगायचा. आणि मी येऊन गेले हे तर मुळीच सांगायचं नाही."

"म्हंजे आमी नुसतं हितं हाय म्हनून हाय, असं दावायचं."

"बरोबर."

"मॅडम," आबा म्हणाले, "आमी पोरीचं लगीन काढलं तवा बी एवढी तयारी क्येली न्हवती."

मी गाडीतून उतरलो तो आ वासूनच. म्हणजे तो वासराचा गोठा? एका रविवारी विहिरीच्या मोटारीवर पाणी पाजणारा तो पैलवान? दर रविवारी मुलांना 'योगायोगानं' भेटलेली ती एवढी सगळी माणसं? उषाताईंनी मला पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारख्या लाल झाल्या. "काळे, मुलांना सांगाल तर बघा," त्या म्हणाल्या. "बरोबर रस्त्याला कसली तयारी लागते? तयारी लागते ती चुकीच्या रस्त्याला. पोरांना चुकायला मोकळं सोडायचं असेल, तर प्रत्येक चुकीच्या वाटेच्या टोकाला एक भला माणूस हवा. तो आपणच नेऊन उभा करायचा."

म्हणजे दर शनिवारी दवाखाना बंद करून ही बाई स्कूटीवरून सगळा मुलूख पालथा घालत होती. जी वाट मुलं घेतील ती, आणि जी घेतील की काय अशी शंका असेल तीही. मला रात्री झोप लागेना इतकं नवल वाटत राहिलं. त्या बिनघोर नव्हत्याच, हे त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला वाटलं, केवढी ही धीराची बाई!

या पद्धतीत एक घोटाळा मात्र होता, आणि तो आमच्या भागातच होऊ शकतो. लेकरं येणार म्हटल्यावर नुसतं पाणी देतं कोण? उषाताई बजावून सांगायच्या, "काही करू नका." माणसं मान डोलवायची आणि पहाटेपासून चुली पेटवायची. दुसऱ्या दिवशी, त्या रविवारी, झालं असं की मुलं चुकलीच नाहीत. फाट्यावर आली, जराशी थांबली, भांडली, आणि बरोबर वाटेनं सुसाट अंथुर्ण्याकडं गेली. उषाताई खूश. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं नवनाथ आबांची बायको.

"मॅडम, लेकरं चुकलीच न्हाईत की वो!"

"नाही मावशी. बरोबर गेली ती."

"मंग ह्या धपाट्यांचं काय करू? सकाळधरनं करतीया. दही लावलंय. शेजारनीला बी बोलवलं मदतीला. लेकरं शानी निगाली ह्यात आमचा काय दोष?"

उषाताईंनी फोनवर हात ठेवून आमच्याकडं पाहिलं. "वकीलसाहेब, काळे, तुम्ही सगळे चुकाल का जरा?" आणि आम्ही चुकलो. चार बाप्ये आणि तीन बायका आपापल्या सायकली घेऊन मुद्दाम चुकीच्या वाटेनं आबांच्या वस्तीवर गेलो, "अरे, इथं कुठं आलो बुवा," असं म्हणायचं नाटकही वकिलांनी केलं, आणि दह्याबरोबर धपाटी खाल्ली. मावशी मात्र खट्टूच होत्या. मोठी माणसं चुकण्यात त्यांना काही नवल वाटलं नाही.

आणि मग एका डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, कबीर आला. त्यानंच हट्ट धरला होता म्हणे. आजीनं फोनवर वासरांचे फोटो पाठवून पाठवून त्याला फितवलं होतं. अनिरुद्ध स्वतः घेऊन आला. उषाताईंचा तो आठवडा मी विसरणार नाही. पेशंटना पुढच्या तारखा दिल्या. शनिवारी तर पहाटेच निघाल्या आणि अंथुर्ण्याच्या आसपासची प्रत्येक वाट पायाखाली घालून दुपारी परतल्या. संध्याकाळी मला फोन केला. "काळे, सगळं पक्कं केलंय. बरोबर वाटेला एक, चुकीच्या वाटेला आबा. मुंगी चुकली तरी कुणाच्यातरी दारात जाईल." आवाज इतका आनंदी की मलाच भीती वाटली.

रविवारी सकाळी अंथुर्ण्याच्या अलीकडं सायकली उतरवल्या. कबीर सात वर्षांचा, म्हणजे सगळ्यात लहान, म्हणून पुढं तो. नव्या सायकलवर ताठ बसला होता. वकिलांची एक जादा सायकल होती, ती मी अनिरुद्धपुढं केली. चाळिशीचा, उंच, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. तो म्हणाला, "मला येत नाही."

"म्हणजे? सवय मोडली का?"

"नाही. येतच नाही. आईनं शिकूच दिली नाही."

वकिलांनी सायकल हळूच मागं घेतली. मी उषाताईंकडं पाहिलं. मला वाटलं त्या हसतील, चेष्टा आहे म्हणतील. त्यांनी नुसती मान हलवली आणि हेल्मेटचा पट्टा आवळला. मला असा धक्का बसला, की पाय पेडलवर ठेवायचंच विसरलो. दुसऱ्यांच्या पोरांना उसात सोडून शेंगदाणे सोलणारी ही बाई! प्राची त्या दिवशी स्कूटी घेऊन आली होती, अनिरुद्ध शेवटी तिच्या मागं बसला.

मुलं पुढं गेली. आम्ही नेहमीसारखं अंतर ठेवून निघालो. त्या दिवशी उषाताई माझ्याशेजारी मागं राहिल्या, हे कधी होत नसे. आपणहून बोलू लागल्या.

"सहा वर्षांचा होता अनू. नवी सायकल घेऊन दवाखान्याबाहेर गेला आणि दिसेना. कोपऱ्यावरच्या टेलरकडं जाऊन बसला होता, मशीन बघत. मिळाला लगेच. त्याच संध्याकाळी मी सायकल भंगारवाल्याला दिली. तो रडला, पण मी परत घेतली नाही. मग शाळेच्या सहली नाहीत, पोहणं नाही, काही नाही. तो मोठा झाला आणि मग मागायचंच बंद केलं त्यानं."

"काही झालं होतं का त्याला त्या दिवशी?" मी विचारलं.

"काहीच झालं नव्हतं. तेच तर. काही झालं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं." मग जरा वेळानं म्हणाल्या, "त्याला वाटतं, मी कबीरलाही तसंच करीन. नाहीतर त्याला वाटतं, मी कबीरला सोडीन, पण त्याला स्वतःला कधी सोडलं नव्हतं. दोन्हीतलं काय वाईट, मला कळत नाही."

बोलता बोलता आमचा वेग कमी झाला होता. फाट्यावर पोचलो तेव्हा मुलांच्या घंट्या ऐकू येत नव्हत्या. उषाताई उतरल्या, समोर बघितलं आणि जागीच थबकल्या. डावीकडं अंथुर्ण्याची वाट. उजवीकडं आबांच्या वस्तीची. आणि दोन्हींच्या मधोमध, जिथं आदल्या दिवशी भिंतीसारखा ऊस उभा होता, तिथं मोकळं रान. ऊस तोडलेला, वाळल्या पानांचं पाचट पसरलेलं, आणि ट्रॅक्टर आत न्यायला पाडलेली सरळ, रुंद, सोपी वाट. शनिवारी दुपारी ऊसतोडीची टोळी आली होती. उषाताई तोवर घरी परतल्या होत्या.

"काल इथं रस्ता नव्हता," त्या म्हणाल्या.

त्यांनी फोन काढला. आबांना लावला. "न्हाय मॅडम, हितं कोन न्हाय आलं." अंथुर्ण्याकडच्या घरी लावला. "न्हाय वो, आमी वाट बघत बसलोय." दोन्ही फोन आम्ही सगळ्यांनी ऐकले. स्कूटी येऊन थांबली, अनिरुद्ध उतरला आणि एका नजरेत सगळं समजला. सईही त्यांच्यातच होती. पलीकडं कुठंतरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला जड आवाज, आणि ती वाट त्याच्यासाठीच पाडलेली होती.

मग जे झालं ते मी कधी कल्पनेतही आणलं नव्हतं. उषाताईंच्या हातून सायकल पडली. तोडलेल्या रानात त्या चार पावलं धावल्या, पाचटात अडखळल्या आणि ओरडल्या, "अनू! अनू, मागं फिर! अनू रे!" कबीर नाही. अनू. पुन्हा पुन्हा, फाटलेल्या आवाजात, दोन्ही हात तोंडाशी धरून. आणि अनू त्यांच्या मागंच उभा होता. उंचापुरा, केस पिकायला लागलेला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं पुढं होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई. आई, मी इथं आहे." त्यांना ते ऐकू आलं की नाही देव जाणे. त्या ओरडतच राहिल्या. इतकी वर्षं आम्ही जिला धीराची समजत होतो, तिच्या आत एवढी भीती भरलेली होती, आणि दर रविवारी ती बाई ही भीती घेऊन आमच्या मुलांमागं सायकल चालवत होती. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

रानापलीकडून कुणीतरी ओ दिली. बाईचा आवाज. "ओ! हितं हायेत, हितं! समदी हायेत!"

आम्ही पाचटातून पळत सुटलो, मी तर हातातल्या सायकलीसकट. टोकाला टोळीच्या कोप्या होत्या, पाचटानंच शाकारलेल्या झोपड्या. ट्रॅक्टर बाजूला उभा होता, नुसतं इंजिन चालू ठेवून. मुलं ओळीनं बसून ऊस सोलत होती. कबीर मात्र बसला नव्हता. टोळीतली त्याच्याच वयाची एक मुलगी त्याच्या नव्या सायकलवर बसली होती आणि हा मागून कॅरियर धरून, दम लागेपर्यंत, तिच्यामागं पळत होता. "समोर बघ!" तो तिला सांगत होता, "खाली बघू नको!"

ओ देणारी बाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडं बघत होती. "कुनाची वो ही लेकरं? इचारलं तर म्हनत्यात, आमी चुकलोय. चुकलोय असं इतकं खुशीत कुनी सांगतंय व्हय? म्या म्हनलं, हितंच बसा, मागनं मानसं येतील."

माझा जीव भांड्यात पडला. सईला मी इतकं घट्ट धरलं की तिनंच मला ढकललं. उषाताई एका मोळीवर बसल्या होत्या. पाणी दिलं ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं. कबीर जवळ आला, "आजी, तुला काय झालं?" म्हणाला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आमच्याकडं न बघता म्हणाल्या, "सायकली टेम्पोत घाला. बंद. आजपासून हे बंद." मग अनिरुद्धला, "ने त्याला पुण्याला. आणि मला काय बोलायचं ते बोल. आत्ताच बोल."

अनिरुद्धनं कबीरला जवळ ओढलं. सगळे उभे होते. मला वाटलं, हा आता मुलाचा हात धरून निघणार आणि पुन्हा कधी येणार नाही. त्याचा तो हक्कच होता. मग तो म्हणाला, "मी पण घाबरलो, आई. तुझ्याइतकाच." थांबला. "काल रात्री त्यानं मला विचारलं, बाबा, तुला का येत नाही? मी काय सांगू त्याला?"

उषाताईंनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

अनिरुद्धनं माझ्या हातातून माझी सायकल घेतली. मला वाटलं तो ती टेम्पोकडं न्यायला निघालाय. तो त्या ट्रॅक्टरच्या वाटेवर गेला, पँटचे पाय मोज्यांत खोवले आणि सीटवर बसला. चाळिशीचा माणूस, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हँडल असं आवळलेलं की जणू तेच पळून जाणार. कबीर टाळ्या पिटायला लागला. उषाताई उठल्या. लगबगीनं गेल्या आणि कॅरियर धरला.

"धरू नको, आई," अनिरुद्ध मागं न बघता म्हणाला.

त्यांनी हात काढला. तो निघाला. दोन-तीन पेडल मारली, हँडल इकडून तिकडं गेलं, आणि तो सायकलसकट आडवा झाला. चांगला दणकन. कोपर खरचटलं, ते मला लांबूनही दिसलं. माझ्यासकट सगळे पुढं धावले. उषाताई धावल्या नाहीत. त्या जिथं होत्या तिथंच उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागं घेऊन, आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट त्यांनी असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात पुढं आणला नाही. अनिरुद्ध उठला, सायकल उभी केली आणि आईकडं बघितलं.

"परत बस," त्या म्हणाल्या.